तिसऱ्या टाकीची पाटी

सोमवार, ६ जानेवारी

नवी रोजनिशी. मागच्या वर्षीची चौदा जानेवारीपर्यंत चालली, त्याच्या आदल्या वर्षीची नऊपर्यंत. यंदा खंड नाही. यंदा लिहिण्यासारखं घडणार आहे.

मालकांनी आज केबिनमध्ये बोलावलं आणि बसा म्हणाले. सव्वीस वर्षांत तिसऱ्यांदा बसलो. विषय: साबणवाल्यांच्या तीन टाक्या. एक तेलाची, एक पाण्याची, एक कॉस्टिकची, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची. म्हणाले की या टाक्यांना नेमकं कुठलं डिझाइन स्टँडर्ड लावायचं, याचा कुणीतरी ज्येष्ठ माणसाने शांतपणे, सर्व बाजूंनी अभ्यास करावा. घाई नको, एक अभ्यास-समितीच समजा, मार्चअखेर रिपोर्ट द्या. गेल्या वर्षी मळीच्या टाकीचं जे झालं ते पुन्हा नको, असंही म्हणाले आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. विश्वास असल्याशिवाय माणूस इतका वेळ बघत नाही.

आता खरी गोष्ट. आमचे डिझाइनप्रमुख (अख्खं ऑफिस त्यांना आजोबा म्हणतं) ३१ मार्चला रिटायर होताहेत. माझा रिपोर्टही मार्चअखेर. मालक असं आडूनच बोलतात. समजणाऱ्याने समजून घ्यायचं. मी समजलो.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं की प्रमुख करतो असं म्हणाले का? मी म्हटलं, अशा गोष्टी कुणी उघड म्हणतं का. ती म्हणाली, हो, म्हणतात.

संकल्प: रोज पहाटे सहाला उठणे. चहात साखर अर्धा चमचा. आतापासूनच प्रमुखासारखं वागणे, म्हणजे कमी बोलणे आणि कुणी काही विचारलं की 'बघू' म्हणणे.

मंगळवार, ७ जानेवारी. सकाळी ७.५०

अलार्म वाजला होता असं बायको म्हणते. पुरावा नाही.

संध्याकाळ

समितीला स्वतंत्र खोली मिळाली! स्टोअरच्या शेजारची. पूर्वी तिथे बॅटऱ्या चार्ज करायचे, त्यामुळे ॲसिडचा थोडा वास आहे, पण एकांत उत्तम. फोन काढून घेतलाय, व्यत्यय नको म्हणून. कॉम्प्युटरही नाही. खुर्ची एक. समितीत मी एकटाच असल्याने मतभेदाला जागा नाही. मालकांनी किती बारीक विचार केलाय!

बायको म्हणाली की ती काम करते त्या लॅबमध्येही एक जुनं मशीन आहे. टाकवत नाही आणि वापरवत नाही, म्हणून कव्हर घालून बाजूच्या खोलीत ठेवलंय. हे तिने मधेच का सांगितलं कळलं नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

साबणवाल्यांची फाइल आली. चांगली जाडजूड. पहिलं पान सोडून दिलं. पहिल्या पानावर नेहमी नमस्कार-चमत्कार असतात. अनुभवी माणूस दुसऱ्या पानापासून सुरुवात करतो.

नवीन मुलगी डोकावून गेली. (चार वर्षं झाली तिला लागून, पण माझ्या लेखी नवीनच.) म्हणत होती की सर, पहिल्या पानावर एक गोष्ट... मी म्हटलं, बघू. गेली. प्रमुखाचा वचक असा बसतो.

साडूचा फोन. त्याला बँकेत बढती मिळालीय, हे चौथ्यांदा सांगितलं. मग मीही माझं काम समजावलं. टाकीचा पत्रा किती जाड, जोड कसे, छप्पर कसं, हे ज्या पुस्तकात असतं ते स्टँडर्ड. तेलाच्या टाक्यांचं सिक्स-फिफ्टी, आत गॅसचा थोडा दाब ठेवायचा असेल तर सिक्स-ट्वेंटी, पाण्याच्या टाक्यांचा वॉटर-कोड, शिवाय दुसऱ्या देशांची वेगळी. चुकीचं पुस्तक उचललं तर टाकी कागदावर उभी राहते आणि जमिनीवर बसते. साडू म्हणाला, म्हणजे पुस्तक निवडायचं फक्त? मी म्हटलं, 'फक्त' काय फक्त! सगळं डिझाइन त्याच्यावर उभं असतं.

फोन ठेवता ठेवता म्हणून टाकलं की एक एप्रिलपासून मी डिझाइनचा प्रमुख. थोडं आधी सांगितलं इतकंच.

सोमवार, २० जानेवारी

दहा दिवस लिहिणं झालं नाही. कामाचा व्याप. सहाला उठणं सोमवारपासून म्हणजे आजपासून होतं, आता पुढच्या सोमवारपासून.

एकूण अकरा स्टँडर्डांचा तुलनात्मक तक्ता करायचा ठरवलाय. तीन झाली. चौथं परक्या भाषेत आहे. ते सगळ्यात चांगलं असावं.

यार्डात मोठे पत्रे रोल होताना दिसले. फोरमनला विचारलं, कुणाचे? म्हणाला साबणवाल्यांचे. मी म्हटलं शक्यच नाही, स्टँडर्ड अजून ठरलेलं नाही, मीच ठरवतोय. तो हसला आणि क्रेनवाल्याकडे वळून म्हणाला, ऐकलं का रे, थांबव, साहेबांचं ठरायचंय. दोघं फारच मोकळेपणाने हसले. कामगारांशी माझे संबंध पहिल्यापासून खेळीमेळीचे.

बहुधा दुसऱ्या कुठल्या साबणवाल्यांचे असतील.

सोमवार, २७ जानेवारी

आज एक काम मार्गी लावलं. केबिनच्या दारावरची पाटी.

गेटसमोरच्या पत्र्याच्या टपरीत मिस्त्री बसतो. पाट्या कोरतो. आमच्या टाक्यांच्या नेमप्लेटही तोच करतो: टाकी कुठल्या स्टँडर्डने बांधली, व्यास, उंची, आतल्या द्रवाची घनता, सगळं स्टीलच्या पाटीवर कोरून टाकीला लावावं लागतं. पाटीशिवाय टाकी पास होत नाही.

हा मिस्त्री पूर्वी आमचा हेड वेल्डर होता. एकोणीस वर्षं. मग ती मळीची टाकी आली. पाणी भरून टेस्ट घेतली, थेंबभर गळली नाही. तीन महिन्यांनी मळी भरली तर खालचा पत्रा फुगला, टाकीचं पोट सुटलं आणि उभ्या जोडाला चीर गेली. जोड फाटला म्हणजे दोष वेल्डरचा, हे शेंबडं पोरही सांगेल. मी रिपोर्टात तेवढंच लिहिलं. त्याची नोकरी गेली. वेल्डिंगचं सर्टिफिकेटही रद्द झालं, त्यामुळे दुसरीकडेही त्याला कुणी वेल्डिंगचा टॉर्च हातात देत नाही. मला वाईट वाटलं होतं. एक-दोन दिवस.

पण आज बघितलं तर बरं चाललंय की त्याचं. सावलीत बसून काम. एका अर्थी माझ्यामुळेच.

टपरीत आमच्या कंपनीच्या तीन कोऱ्या स्टेनलेस पाट्या ठेवलेल्या. मिस्त्री म्हणाला, साबणवाल्यांच्या तीन टाक्यांच्या आहेत, मजकूरही आलाय. मी मनात म्हटलं, काय हा परचेसवाल्यांचा उतावळेपणा! स्टँडर्ड ठरल्याशिवाय मजकूर कसला? मजकुराचा कागद तो दाखवत होता, मी बघितलाही नाही. या पाट्या दोन वर्षं धूळ खात पडणार. तेव्हा त्यातलीच एक घ्यायला सांगितली, माझ्यासाठी. पूर्ण नाव, खाली 'प्रमुख, डिझाइन विभाग'. अक्षर ठसठशीत हवं म्हटलं. स्टोअरमध्ये मी सांगतो, तू काळजी करू नको.

त्याने वहीत सही मागितली, की एक पाटी साहेबांनी स्वतःसाठी घेतली. म्हणाला, मागच्या वेळी तोंडी बोलण्यावर गेलो, आता सहीशिवाय हात चालवत नाही. मागच्या वेळी म्हणजे मळीच्या टाकीच्या वेळी. खालचा पत्रा मळीला पातळ वाटतो, असं तो मला म्हणाला होता खरा. मी म्हटलं होतं, तू जोड बघ, जाडी मी बघतो. अजून धरून बसलाय. काही माणसांचा स्वभावच तसा.

सही दिली. झोकात दिली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

स्टोअरमध्ये सांगायचं राहिलं. उद्या.

तक्ता: चार.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नवीन मुलीला तक्ता टाइप करायला दिला होता. तर म्हणे दोन दिवस रजा हवी, वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन आहे. मी म्हटलं, डोळा त्यांचा, ऑपरेशन डॉक्टरचं, तुझं तिथे काय काम? तक्त्याची निकड समजावली. ती थेट मालकांकडे गेली आणि रजा घेऊन आली. आणि वर, खोलीतून जाता जाता म्हणाली की सर, तुम्ही एकदा पहिलं पान वाचाच.

आजकालच्या पोरींना ज्येष्ठांची किंमत नाही. प्रमुख झाल्यावर पहिलं काम: हिची बदली ट्रेसिंगच्या टेबलावर, ड्रॉइंग गिरवायला.

तक्त्याच्या सहाव्या स्टँडर्डवर चहा सांडला. ते तसंही जुनं झालं होतं. तक्ता दहाचा.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. दुपारी

आज माझा सिद्धांत पूर्ण झाला. वेगळ्या पानावर लिहून भिंतीवर लावलाय: 'पाण्याने जी टाकी पास, ती आयुष्यभर पास.'

किती साधं! प्रत्येक टाकी बांधून झाली की काठोकाठ पाण्याने भरतात, जोड तपासतात, मग पाणी काढतात. सव्वीस वर्षांत माझी एकही टाकी या टेस्टला नापास नाही. तेल तर पाण्याहून हलकं. मग हवीत कशाला अकरा पुस्तकं? तिन्ही टाक्यांना वॉटर-कोड. द्रव तो द्रव.

नवीन मुलीला सांगितलं. (वडिलांचा डोळा ठीक आहे म्हणे. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं.) तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की तेलाला हे चालेल, पण कॉस्टिक पाण्याच्या दीडपट जड आहे. पाण्याने पास झालेल्या टाकीत ते भरलं की खालच्या पत्र्यावर दीडपट भार येणार. आधीच दीडपट धरून जाडी काढली नसेल तर टाकीचं पोट सुटेल. मग म्हणाली की मळीही तशीच जड असते.

मला राग आला. रागाच्या भरात चांगलं सुचतं, हा माझा अनुभव. मी म्हटलं, मळीच्या टाकीचं कॅल्क्युलेशन माझं स्वतःचं आहे, हाताने केलेलं, चौदा पानं, एक खाडाखोड नाही. ते मी रिपोर्टाला 'आदर्श नमुना' म्हणून जोडणार आहे. जगाने बघू दे.

ती म्हणाली, जोडाच, सर.

चेहरा पडला होता तिचा. बोलती बंद केली की असं होतं.

सोमवार, ३ मार्च

सहाला उठलो! नंतर कळलं की घड्याळ बंद पडलं होतं.

मेव्हणी आणि साडू तीस तारखेच्या रविवारी जेवायला येणार. बायको म्हणते, कशाला एवढ्यात बोलावलं, ऑर्डर तरी हातात येऊ दे. मी म्हटलं, ऑर्डर नुसती औपचारिकता. ती म्हणाली, तुम्ही साडूंना काय सांगून बसलाय ते मला बहिणीकडून कळलं. मग भांडी जोरात ठेवायला लागली. तिला आनंद दाखवता येत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

रिपोर्ट दिला! चौऱ्याऐंशी पानं, स्पायरल बाइंडिंग, कव्हरवर टाकीचं चित्र. तक्ता शेवटी चार स्टँडर्डांचाच घातला, फाफटपसारा नको. शिफारस: तिन्ही टाक्यांना वॉटर-कोड. शेवटी 'आदर्श नमुना': मळीच्या टाकीची माझी चौदा पानं.

मालकांनी हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि म्हणाले, वा. मग नवीन मुलीला हाक मारली आणि तिच्याकडे दिला. म्हणजे तिने शिकावं म्हणून. नवख्या माणसाला चांगलं वाचायला दिलंच पाहिजे.

बुधवार, १९ मार्च

आज बऱ्याच हालचाली. सकाळी मुलगी माझा रिपोर्ट घेऊन मालकांच्या केबिनमध्ये. दोन तास. काचेतून दिसत होतं: पेन्सिलच्या खुणा केलेली पानं. आजोबाही आत. आजोबा डोकं धरून बसलेले. माणूस निवृत्तीला आला की आपल्यापेक्षा सरस काम बघून असं होतं.

दुपारी त्याहून नवल. मिस्त्रीला आत बोलावलं, आणि खुर्ची दिली. चक्क खुर्ची! मला तीनदा बसायला सव्वीस वर्षं लागली. मिस्त्री बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. स्टोअरपाशी उभा राहून पंच्याने नाक पुसत होता. मला बघून थांबला. काहीतरी बोलेल असं वाटलं. पंचा झटकून गेटकडे गेला.

नक्कीच माझ्या पाटीचं फुटलं. मालकांना कळलं की मी पाटी करून घेतलीय, आणि त्याला बोलावून विचारलं. पण रागावले असते तर मला बोलावलं असतं. बोलावलं नाही. म्हणजे मान्य आहे!

जीव भांड्यात पडला.

गुरुवार, २७ मार्च. संध्याकाळी ६.१५

मालकांचा निरोप: उद्या सकाळी नऊला साबणवाल्यांच्या साइटवर या, तिन्ही टाक्यांची पाण्याची टेस्ट आहे, इन्स्पेक्टर येणार.

कुठल्या टाक्या?

विचार केला. बहुधा मॉडेल. छोट्या टाक्या बांधून माझी शिफारस तपासून बघत असतील. चांगली पद्धत आहे. उद्या निळा शर्ट.

शुक्रवार, २८ मार्च

लिहायचं नव्हतं. पण यंदा खंड नाही असं पहिल्या पानावर लिहून बसलोय.

मॉडेल नव्हतं. बारा मीटर उंच, तीन टाक्या, रंग देऊन तयार. दोन दिवसांपासून पाण्याने भरलेल्या. एक थेंब नाही. साबणवाल्यांचे मॅनेजर, इन्स्पेक्टर, मालक, आजोबा, फोरमन, मुलगी, सगळे उभे. मुलीच्या डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि हातात ड्रॉइंग. इन्स्पेक्टर जे विचारेल ते तिलाच विचारत होता.

पहिल्या टाकीची नेमप्लेट वाचली. स्टँडर्ड: सिक्स-फिफ्टी. दुसरीवर तेच. मी मालकांना बाजूला घेतलं आणि म्हटलं की माझ्या रिपोर्टात तर वॉटर-कोड आहे. मालकांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून दिला. साबणवाल्यांच्या फाइलचं पहिलं पान. तिसऱ्या ओळीत: तिन्ही टाक्या सिक्स-फिफ्टीप्रमाणे बांधाव्यात, कॉस्टिकची घनता पाण्याच्या दीडपट धरावी. तारीख डिसेंबरची.

म्हणाले, स्टँडर्ड कधीच ठरलेलं होतं हो. तुम्हाला फक्त यातून लांब ठेवायचं होतं. मळीच्या टाकीनंतर मला शंका होती, पुरावा नव्हता. म्हटलं, आजोबा जाईपर्यंत बसू द्यावं कुठेतरी. पण तुम्ही तर पुरावाच बाइंडिंग करून आणून दिलात.

माझा 'आदर्श नमुना'. दुसऱ्याच पानावर, द्रवाची घनता: एक. म्हणजे पाणी. तेलाच्या जुन्या कामाचा कागद समोर ठेवून केलं होतं, घनतेचा रकाना पाण्याचा होता तो पाण्याचाच राहिला. पाणी धरलं म्हणजे सुरक्षित, ही सव्वीस वर्षांची सवय. तेलापुरती ती बरोबरही होती. मळी पाण्याच्या जवळजवळ दीडपट. मुलीने तो एक आकडा पेन्सिलने गोल करून ठेवलाय. मिस्त्रीचा जोड नव्हे, माझा पत्रा चुकला. पातळ वाटतो असं तो म्हणाला होता.

इथपर्यंत मी उभा होतो. कुणाचं लक्ष नव्हतं, हे बोलणं आमच्या दोघांतच होतं. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं ते जुळवायलाही लागलो होतो.

तेवढ्यात इन्स्पेक्टर तिसऱ्या टाकीपाशी थांबला. कॉस्टिकच्या. पाटीची जागा रिकामी. म्हणाला की पाटी नाही तर माझी सही नाही. साबणवाल्यांचे मॅनेजर मालकांकडे बघायला लागले. मालकांनी मिस्त्रीला विचारलं, तीन कोऱ्या पाट्या दिल्या होत्या, तिसरी कुठे?

मिस्त्रीने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी काढून इन्स्पेक्टरच्या टेबलावर ठेवली. शेजारी वही उघडून ठेवली, माझ्या सहीचं पान.

मॅनेजरनी वर्तमानपत्र बाजूला सारलं आणि मोठ्याने वाचलं. माझं पूर्ण नाव, आडनावासकट. प्रमुख, डिझाइन विभाग. अक्षर खरंच ठसठशीत आलंय. मग त्यांनी निरागसपणे विचारलं की हे कोण? आम्हाला तर प्रमुख या मॅडम होणार असं सांगितलंय.

मुलगी ड्रॉइंगमध्ये बघत राहिली. फोरमनने पाठ फिरवली, पण त्याचे खांदे हलत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मिस्त्रीच म्हणाला, मागची बाजू कोरी आहे, हाताने पंच मारून आकडे उठवतो, अर्ध्या तासात देतो. पण एक माणूस पाटी धरायला पाहिजे आणि आकडे सांगायला पाहिजेत. मालक म्हणाले, हे आहेत की.

मी उकिडवा बसलो, निळ्या शर्टात. साइटवरच्या ऐरणीवर पाटी पालथी घातली, माझं नाव खाली. दोन्ही हातांनी धरली. मुलीने ड्रॉइंग माझ्यासमोर धरलं आणि हळूच म्हणाली की सर, दमलात तर मी सांगते. नको म्हटलं. तिने तोंडावर चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

स्टँडर्ड सांगितलं. व्यास सांगितला. उंची सांगितली. एकेक अंक, एकेक घाव. मग घनता. म्हटलं, एक पॉइंट पाच.

मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला. म्हणाला, ऐकू आलं नाही साहेब.

पुन्हा सांगितलं. म्हणाला, जरा मोठ्याने, पाण्याच्या पंपाचा आवाज आहे.

पंप बंद होता. मी ओरडून सांगितलं. मग तो हातोडा उचलता उचलता, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, आणि मळीच्या टाकीला किती धरली होती?

मी पाटी आणखी घट्ट धरली. त्याने पंच मारला. तीन घाव. पाटी उचलून बघितली तर दीडचा उलटा उठाव बरोबर माझ्या आडनावावर आला होता.

टाकीला जाड पट्टी वेल्ड केलेली आहे, तिच्यावर पाटी बसवली. चार रिवेट. इन्स्पेक्टरने सही केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

लाज वाटली. इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे सांगणार नाही.

शनिवार, २९ मार्च

डोकं दुखतंय. एकूण विचार करता मालकांचंही चुकलंच. पहिल्या पानावरची गोष्ट ठळक टाइपात हवी होती.

रविवार, ३० मार्च

मेव्हणी आणि साडूला बायकोने परस्पर फोन करून सांगितलं की मला बरं नाही. मी अगदी बरा आहे असं मागून ओरडलो. तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आतल्या खोलीत गेलो. नंतर येऊन तिने विचारलं, त्या मिस्त्रीचं वर्ष गेलं, त्याला काही म्हणालात का? मी म्हटलं, काय म्हणणार. ती म्हणाली, हो, तुम्ही काय म्हणणार. आणि दिवा बंद करून गेली, भर दुपारी.

सोमवार, ३१ मार्च

आजोबांचा निरोपसमारंभ झाला. त्यांच्या खुर्चीवर मुलगी. तिच्या केबिनच्या दारावर पाटी नाही. म्हणाली, कशाला, सगळे ओळखतात. मिस्त्रीचं सर्टिफिकेट परत मिळणार आहे, उद्यापासून तो पुन्हा हेड वेल्डर. त्याने आज टपरीला कुलूप घातलं.

मालकांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक राजीनाम्याचा. दुसरा बदलीचा: टाक्यांच्या नेमप्लेटवरचा मजकूर कोरायला जाण्याआधी आकडा न् आकडा मोठ्याने वाचून तपासणे. मॅडमच्या हाताखाली. दुसऱ्यावर सही केली. साधीच केली.

खोली तीच. बॅटऱ्यांची.

संकल्प: उद्यापासून सहाला उठणे.

रात्री जेवताना साडूचा फोन. प्रमुख झालास ना, म्हणाला. मी म्हटलं, त्याहून मोठं झालं, टाकीवर माझं नाव लागलंय. चांगली तीस वर्षं टिकणारी टाकी. साडू खूश झाला, खरंच खूश झाला, आणि म्हणाला की फोटो पाठव.

फोटो येणार नाही. नाव आतल्या बाजूला आहे.